मुलांच्या पायांची वाकडी बोटे : कारणे, उपचार आणि शिक्षकाचे काम

प्राथमिक शाळेचा वर्ग भरण्यापूर्वी दाराशी पादत्राणांची रांग लागते. मुले हातपाय धुऊन पंक्तीला बसतात, मैदानावर अनवाणी खेळतात, प्रार्थनेला मांडी घालून बसतात. मुलाचे पाऊल शिक्षकाच्या दृष्टीस दिवसातून अनेकदा पडते. घरी आईला कामाच्या घाईत जे दिसत नाही, वैद्याकडे मूल गेलेच नाही म्हणून त्याला जे दिसत नाही, ते शिक्षकाला सहज दिसू शकते. मात्र त्यासाठी काय पाहावे हे ठाऊक हवे. डोळे, दात, नखे यांच्या तपासणीची सवय शाळांतून रुजली आहे. पायाच्या बोटांकडे मात्र अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. या लेखात त्या बोटांचाच विचार केला आहे.

हा विषय आताच अगत्याचा होण्यास एक कारण आहे. शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना गणवेशाबरोबर एक जोडी बूट व दोन जोडी पायमोजे देण्याचा निर्णय राज्य शासनाने सन २०२३ मध्ये घेतला. पेण तालुक्याच्या खारेपाटातील, किंवा रोहा तालुक्याच्या डोंगरउतारावरील वाड्यांतील पुष्कळ मुलांच्या पायांत त्यामुळे प्रथमच बंद बूट आला. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. काटा, काच, विंचू, चिखल यांपासून पाऊल सुरक्षित राहते आणि इतर मुलांबरोबर सारख्या पोशाखात उभे राहण्याचे समाधानही मुलाला लाभते. परंतु मापाचा बूट पायाचे रक्षण करतो, तसा आखूड बूट पायाला इजा करतो. मापे गोळा करण्याचे काम शाळेच्याच वाट्याला येत असल्याने या दोहोंतील फरक शिक्षकाच्या हाती आहे.

पावलाची रचना

मनुष्याच्या एका पावलात २६ हाडे असतात. त्यांपैकी १४ हाडे एकट्या बोटांत आहेत. अंगठ्याला दोन पेरे आणि उरलेल्या प्रत्येक बोटाला साधारणतः तीन पेरे, असा हा हिशेब होतो. बोटे हलविणारे मोठे स्नायू पावलात नसून पोटरीत व नडगीच्या बाजूस आहेत. त्यांच्या लांब दोऱ्या, म्हणजे स्नायुरज्जू, घोट्याला वळसा घालून बोटांच्या टोकांपर्यंत पोहोचतात. नडगीकडील दोऱ्या बोटे वर उचलतात; पोटरीकडील दोऱ्या बोटे खाली वळवितात. या दोहोंखेरीज खुद्द पावलात लहान लहान स्नायू असतात. बोटाचे मूळ खाली धरून ठेवणे आणि पुढील पेरे सरळ राखणे हे त्यांचे काम होय.

रेवदंड्याच्या किंवा धरमतरच्या खाडीतील होडीची डोलकाठी ज्यांनी पाहिली असेल त्यांना ही व्यवस्था लवकर उमगेल. काठी दोरांच्या ताणाने उभी राहते. चहूकडील ताण समतोल असेल तोवर ती सरळ. एक दोर ढिला पडला की दुसरा तिला आपल्याकडे ओढून घेतो. पायाच्या बोटाचेही असेच आहे. लहान स्नायू दुबळे झाले की लांब दोऱ्यांचे फावते. बोटाचे मूळ वर उचलले जाते आणि मधला सांधा खाली वाकतो.

वाकडेपणाचे प्रकार

वाकडे बोट म्हणून जे ओळखले जाते, त्याचे चार मुख्य प्रकार आहेत.

पहिला प्रकार हातोडी बोटाचा. डॉक्टर यास 'हॅमर टो' म्हणतात. यात बोटाचा मधला सांधा वर कमानीसारखा उचललेला व पुढचा भाग खाली झुकलेला असतो. बाजूने पाहिल्यास हातोडीच्या डोक्याचा भास होतो. अंगठ्याशेजारचे बोट, ज्यात विवाहित स्त्रिया जोडवी घालतात ते, या विकाराला विशेषेकरून बळी पडते. दुसरा प्रकार केवळ शेवटचे पेर खाली वळण्याचा. तिसरा प्रकार पंजा-बोटांचा. यात मुळाचा सांधा वर आणि पुढील दोन्ही सांधे खाली, अशी पक्ष्याच्या नखीसारखी आकृती होते आणि ती बहुधा एका बोटात न राहता अनेक बोटांत दिसते. चौथा प्रकार जन्मजात वळलेल्या बोटांचा. तान्हेपणापासून तिसरे किंवा चौथे बोट शेजारच्या बोटाखाली सरकलेले असते. पुष्कळदा दोन्ही पायांत सारखेच असते आणि आई, वडील किंवा आजोबांच्या पायांतही तसेच आढळते.

यांतील चौथ्या प्रकाराने पालक घाबरतात, परंतु तो सर्वांत निरुपद्रवी होय. बहुतेक मुलांना त्याचा काही त्रास होत नाही आणि कित्येकांची बोटे वाढीबरोबर आपोआप सुधारतात. 'हे बोट असे केव्हापासून आहे?' हा एक प्रश्न पालकांना विचारला की हा प्रकार वेगळा काढता येतो. जे जन्मापासून तसेच आहे त्याविषयी घाई नाही. जे पूर्वी सरळ होते आणि आता वाकू लागले आहे, त्याकडे मात्र तत्काळ लक्ष द्यावयास हवे.

आखूड बूट आणि वाकणारे बोट

खरे हातोडी बोट हे प्रामुख्याने प्रौढ वयाचे दुखणे आहे. ते एका वर्षात होत नाही. बोट अनेक वर्षे दुमडून राहते तेव्हा होते. बुटाची लांबी पायापेक्षा कमी पडली, की बोटाचे टोक पुढच्या भिंतीवर आपटते. पुढे जागा नाही, मागे टाच अडलेली. मग बोटाने जावे कोठे? ते मध्येच उंच होते. उंच झालेला सांधा बुटाच्या वरच्या भागावर घासतो आणि तेथे कुरूप धरते. टोक तळाशी टेकते, तेथे घट्टा पडतो आणि नख दुखावते. आरंभी बूट काढला की बोट सरळ होते. ही लवचीक अवस्था होय. हाच क्रम वर्षानुवर्षे चालला, तर सांध्याभोवतीचे वेष्टन व स्नायुरज्जू आखडतात आणि मग हाताने ओढूनही बोट सरळ होत नाही. ही ताठर अवस्था होय. पहिल्या अवस्थेत जे काम मापाचा बूट करतो, त्यासाठी दुसऱ्या अवस्थेत शस्त्रक्रिया लागू शकते. या विकाराचे सारे मर्म या दोन अवस्थांमधील काळात आहे.

पादत्राणांचा पावलाच्या घडणीवर परिणाम होतो हे निरीक्षणांनी दाखविले आहे. हाँगकाँगमध्ये बूट वापरणारे लोक व होड्यांवर राहणारे अनवाणी लोक यांच्या पावलांची तुलना सन १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली. अंगठा आतल्या बोटांकडे कलण्याचा दोष बूट वापरणाऱ्यांपैकी शेकडा ३३ जणांत, तर अनवाणी लोकांपैकी शेकडा सुमारे २ जणांत आढळला. आपल्या देशात मणिपाल येथील अस्थिरोगतज्ज्ञांनी ४ ते १३ वर्षे वयाच्या २,३०० मुलांच्या पाऊलठशांचा अभ्यास करून सन १९९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बूट घालणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचे प्रमाण शेकडा ८.६, तर अनवाणी वाढलेल्या मुलांत शेकडा २.८ होते, बोटे झाकणाऱ्या बुटांत ते अधिक आढळले. सपाट तळवा आणि वाकडे बोट हे दोष वेगळे आहेत. तरी वाढते पाऊल पादत्राणाप्रमाणे घडते, ही गोष्ट दोन्हींवरून स्पष्ट होते.

दिवाळीत उंबऱ्यापाशी काढलेली लक्ष्मीची पावले आठवावी. टाच अरुंद, बोटांकडे रुंदी वाढत जाते आणि पाची बोटे मोकळी पसरलेली असतात. रांगोळी काढणाऱ्या बाईने शरीरशास्त्र अभ्यासलेले नसते, तरी निरोगी पावलाचे चित्र तिच्या बोटांना ठाऊक असते. मुलाचा बूट निवडताना तेच चित्र डोळ्यांपुढे असावे. पुढे निमुळता होणारा बूट कितीही सुबक दिसला तरी तो पावलाच्या आकाराचा नव्हे.

मूल तक्रार का करीत नाही

बूट चावत असेल तर मूल सांगेलच, असे समजू नये. लहान मुलाची हाडे पूर्ण घट्ट झालेली नसतात, त्यांत कूर्चेचा भाग बराच असतो. त्यामुळे आखूड बुटात पाऊल दुमडून बसते आणि मोठ्या माणसाला होतील तितक्या वेदना त्याला होत नाहीत. दुसरे कारण मनाचे आहे. नवा बूट परत घेतला जाईल या भीतीने मूल गप्प राहते. तिसरे कारण घरच्या काटकसरीचे आहे. पुष्कळ घरी जूनमध्ये मिळालेला बूट जपून ठेवला जातो आणि १५ ऑगस्टला व २६ जानेवारीला तेवढा काढला जातो. मधल्या काळात पाऊल मात्र थांबलेले नसते. प्राथमिक वयात ते वर्षाला सुमारे एक सेंटीमीटर वाढते आणि बुटाच्या एका नंबरात अंतर असते जेमतेम साडेआठ मिलिमीटरांचे. म्हणजे जूनमध्ये नेमका बसणारा बूट प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात आखूड झालेला असतो. संचलनात एखादे मूल पाय ओढीत चालू लागले, तर त्याच्यावर आळसाचा आरोप ठेवण्यापूर्वी त्याचा बूट काढून पाहावा.

थोरल्या भावाचा बूट धाकट्याला देण्याची रीतही सर्वत्र आहे. बूट फारसा वापरलेला नसेल तर त्यात वावगे नाही. परंतु झिजलेला बूट पहिल्या पायाचे वळण घेऊन बसलेला असतो. तो दुसऱ्याच्या पायावर तेच वळण लादतो.

माप कसे घ्यावे

मागील वर्षीच्या नंबरावरून किंवा वयावरून अंदाजाने यादी भरणे हे चुकांचे मूळ आहे. पुढील रीत सोपी आहे आणि तिला खर्च नाही.

१. माप दुपारनंतर घ्यावे. दिवसभराच्या वावराने पाऊल किंचित फुगलेले असते.

२. मुलाला कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे करावे. बसलेल्या मुलाचे माप कमी येते.

३. पेन्सिल उभी धरून दोन्ही पावलांच्या कडा आखाव्या. टाचेपासून सर्वांत लांब बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर मोजावे. काहींचे दुसरे बोट अंगठ्याहून लांब असते. त्यावरून गावात काही समजुती सांगतात. त्यांस आधार नाही, परंतु माप त्या लांब बोटापर्यंतच घ्यावे लागते. अंगठ्याचे माप घेतले की नेमके हेच बोट दुमडते.

४. दोन पावलांत थोडा फरक असतोच. मोठ्या पावलाचे माप खरे मानावे.

५. या मापात एक ते सव्वा सेंटीमीटर मिळवावा. येणारी लांबी ही बुटाच्या आतील लांबी हवी. याहून फार मोठा बूटही नको. त्यात पाऊल पुढे घसरते आणि ते सावरण्यासाठी मूल बोटे आवळून चालते.

६. बूट आल्यावर त्याच लांबीची पुठ्ठ्याची पट्टी कापून बुटात सरकवावी. ती दुमडली तर बूट आखूड आहे. मुलाला बूट घालून उभे केल्यावर लांब बोटापुढे मोठ्या माणसाच्या आंगठ्याएवढी जागा सुटावी.

७. दर तीन-चार महिन्यांनी पट्टीचा प्रयोग पुन्हा करावा. आखूड झालेले बूट लहान वर्गातील मुलांना बदलून देता येतात. पायमोजेही पाहावे, आटलेला मोजा बोटांना बुटाइतकाच आवळतो.

ज्या मुलांची कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर बाहेरगावी जातात, त्यांची मापे परतल्यावर नव्याने घ्यावी. कातकरी वाड्यांतील मुलांच्या बाबतीत ही दक्षता विशेष हवी. त्यांचे मागील वर्षीचे माप नव्या यादीत तसेच उतरण्याचा संभव अधिक असतो.

बूट नाही, तरी बोटे वाकली

आता या विषयाचा गंभीर भाग येतो. ज्या मुलाने बूट कधी फारसा घातलाच नाही, त्याची बोटे जर पंजासारखी वळू लागली, तर दोष बाहेर शोधू नये. तो आत, मज्जातंतूंत असू शकतो. पावलातील लहान स्नायूंना चालना देणारा मज्जातंतू घोट्याच्या आतल्या बाजूने तळव्याकडे जातो. त्यास इजा झाली की ते स्नायू दुबळे होतात, डोलकाठीचा दोर ढिला पडतो आणि बोटे वळतात. त्याच मज्जातंतूतून तळव्याची संवेदनाही जात असल्याने तळवा बधिर होतो. काही घराण्यांत चालत येणारे मज्जातंतूंचे विकार, पाठीच्या कण्यातील जन्मदोष आणि कुष्ठरोग ही याची कारणे आहेत.

कुष्ठरोगाचे नाव येताच मन दचकते, म्हणून वस्तुस्थिती स्वच्छ सांगणे आवश्यक आहे. नॉर्वेतील हॅन्सेन यांनी सन १८७३ मध्ये या रोगाचा जंतू दाखवून दिला. हा रोग पूर्वजन्मीच्या पापाने होत नाही, तसाच तो वंशपरंपरेनेही येत नाही. बहुसंख्य लोकांच्या अंगी त्याविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. जागतिक आरोग्य संघटनेने सन १९८२ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केल्यापासून तो सहा किंवा बारा महिन्यांच्या औषधाने पूर्ण बरा होतो. हे औषध शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळते आणि ते सुरू होताच रोग्यापासून इतरांस होणारा संसर्ग लवकरच थांबतो. देशातील प्रमाण डिसेंबर २००५ मध्ये दहा हजारांत एकाहून खाली आले. तथापि रोग नाहीसा झालेला नाही. महाराष्ट्रात नवे रुग्ण आजही आढळतात आणि त्यांत मुलेही असतात.

या रोगाने हातापायांची बोटे झडतात, अशी समजूत खोलवर रुजलेली आहे. सन १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी तिचे निराकरण केले. बोटे आपोआप झडत नाहीत. वेदना कळत नसल्याने भाजणे, टोचणे, घासणे यांकडे दुर्लक्ष होते. जखमा चिघळतात आणि बोटांचा नाश होतो. आखडलेली बोटे स्नायुरज्जू बदलून सुधारता येतात, हेही वेल्लोरच्या कार्याने दाखवून दिले. रायगड जिल्ह्यालाही या सेवेची परंपरा आहे. पनवेल तालुक्यात नेरे येथील शांतिवनात कुष्ठरोग निवारण समितीने रोगमुक्तांचे पुनर्वसन करून हा प्रश्न माणुसकीने हाताळला.

शिक्षकाने निदान करावयाचे नाही. केवळ खुणा ओळखावयाच्या आहेत. पुढीलपैकी कोणतीही खूण दिसल्यास मुलाला आरोग्य केंद्रात नेण्यास पालकांना सांगावे : पूर्वी सरळ असलेली अनेक बोटे वळू लागणे, चालताना चप्पल पायातून निसटली तरी मुलाला न कळणे, तळव्यावर जखम असून मूल न लंगडता खेळणे, पाऊल वर न उचलता फरफटत टाकणे, पावलाची कमान दिवसेंदिवस उंच होणे व मूल वारंवार अडखळणे, अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा असणे. न दुखणारी जखम ही दुखणाऱ्या जखमेहून अधिक काळजीची आहे, हे सूत्र लक्षात ठेवावे.

सुई टोचून संवेदना तपासण्याचा प्रयोग वर्गात करू नये. रोगाचे नाव वर्गात, पंक्तीत वा गावात उच्चारू नये. पालकांशी एकांतात बोलावे. मुलाला घरी बसवू नये किंवा वेगळे बसवू नये. त्याची जागा, त्याचा मित्र आणि त्याचे ताट जसे होते तसेच राहावे. मज्जातंतूची इजा ताजी असेल तर वेळीच मिळालेल्या उपचाराने शक्ती परत येऊ शकते. महिने लोटले की ती संधी जाते. शिक्षकाचे एक वेळचे लक्ष मुलाचे पाऊल जन्मभरासाठी वाचवू शकते, ते येथे.

उपचारांची दिशा

बुटामुळे वाकलेले व अद्याप लवचीक असलेले बोट असेल, तर पहिला उपचार बूट बदलणे हाच होय. रुंद पुढ्याचा, मऊ वरच्या भागाचा, टाच सपाट असलेला बूट किंवा बोटे मोकळी ठेवणारी पट्ट्यांची सँडल द्यावी. कोमट पाण्यात पाय बुडवून बोट हलक्या हाताने सरळ करण्याचा व्यायाम रोज काही मिनिटे करावा. जमिनीवर चिंचोके पसरून ते पायाच्या बोटांनी उचलून वाटीत टाकणे, पसरलेले फडके बोटांनी गोळा करणे, कोरड्या वाळूत चालणे हे खेळ मुलांना आवडतात आणि पावलातील लहान स्नायूंना काम मिळते. घासणाऱ्या सांध्यावर मऊ गादी ठेवल्याने कुरूप कमी होते. शेजारच्या बोटाशी पट्टीने बांधल्यास तात्पुरता आराम पडतो. त्याने बोट कायमचे सरळ होईल असा भरवसा मात्र धरू नये.

बोट ताठर झाले असेल व दुखत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. लवचीक बोटात आखडलेला स्नायुरज्जू सैल करण्याची किंवा त्याची जागा बदलण्याची छोटी शस्त्रक्रिया होते. ताठर बोटात मधल्या सांध्याचा थोडा भाग काढून बोट सरळ बसवितात आणि काही आठवडे बारीक तारेने धरून ठेवतात. केवळ बोट दिसण्यास वाकडे आहे, त्रास काही नाही, अशा स्थितीत शस्त्रक्रियेची आवश्यकता नसते.

काय करू नये, तेही सांगितले पाहिजे. कुरूप ब्लेडने कापू नये. त्यावर बिब्बा लावू नये. बिब्ब्याने कातडी भाजते आणि कुरुपाऐवजी व्रण पदरात पडतो. दुकानात मिळणाऱ्या औषधी पट्ट्या बधिर पायाला मुळीच लावू नयेत. ताठर बोट जोराने ओढून 'बसवून' देणाऱ्याकडे मुलाला नेऊ नये.

प्रौढांसाठीही एक गोष्ट येथे नमूद करणे योग्य होईल. दिवसभर उभे राहून शिकविणाऱ्या शिक्षकांना मधुमेह असल्यास त्यांच्याही पायांची संवेदना मंदावू शकते आणि बोटे वळू शकतात. त्यांनी रोज रात्री तळवे पाहावे आणि कुरुपावर स्वतः उपचार करू नये.

अनवाणी चालणे आणि पावसाळा

वरील विवेचनावरून बूट टाकून द्यावे, असा अर्थ कोणी काढू नये. स्वच्छ अंगणात व मैदानात अनवाणी खेळणे पावलाला हितकर आहे. परंतु उघड्यावर शौच होत असलेल्या जागी अनवाणी चालल्याने अंकुशकृमी तळव्यातून शरीरात शिरतो, आणि जखमी पायांनी पुराच्या पाण्यातून चालणे कोकणात लेप्टोस्पायरोसिसला आमंत्रण ठरते. पेण-रोह्याकडे पावसाळा चार महिने टिकतो. भिजलेला बूट दिवसभर पायात राहिला, तर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. उन्हात किंवा चुलीपाशी वाळविला, तर तो आखडतो व कडक होतो. यास्तव पावसाळ्यात शाळेत पोहोचल्यावर बूट-मोजे काढावे, पाय धुऊन बेचक्या कोरड्या पुसाव्या आणि बुटात जुने वर्तमानपत्र कोंबून ते सावलीत वाळवावे. येण्याजाण्यासाठी पट्ट्यांची रबरी सँडल अधिक सोयीची.

शाळेतील उपक्रम

हे सारे काम अध्यापनाहून निराळे नाही. पाऊल आखणे व मोजणे हा तिसरी-चौथीच्या मापनाचा उत्तम पाठ आहे. प्रत्येक मुलाने जून, ऑक्टोबर व फेब्रुवारीत आपले माप वहीत लिहावे. वजाबाकी करून वाढ काढावी. वर्गाचा आलेख भिंतीवर लावावा. पेण, हमरापूर, जोहे या भागात गणेशमूर्तींमुळे शाडूची माती परिचयाची आहे. ओल्या मातीच्या थाळ्यात मुलाने पाऊल उमटवावे. निरोगी बोटाचा गोल, भरीव ठसा उमटतो. हातोडी बोटाच्या जागी केवळ टोकाची खळी पडते. रोह्याकडील शाळांना कुंडलिकेकाठची ओली वाळूही हेच दाखवील. ठशांवर मुलांची नावे मात्र लिहू नयेत. कोणाच्या पायाला हसण्याचे निमित्त होऊ नये.

शंका वाटणाऱ्या मुलांची नोंद स्वतंत्र वहीत ठेवून ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास द्यावी. या कार्यक्रमाचा आरंभ सन २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला, आणि त्याचे पथक वर्षातून एकदा शाळेत मुलांची तपासणी करते. परंतु वर सांगितलेल्या मज्जातंतूच्या खुणा दिसल्यास पथकाची वाट पाहू नये. आशा सेविका व प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्यामार्फत मुलाला पेण किंवा रोहा येथील उपजिल्हा रुग्णालयात, आणि तेथून आवश्यक तर अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात पाठविण्याची तजवीज त्याच आठवड्यात करावी.

हे बोट हाताने अजून सरळ होते का, आणि मुलाला त्याची वेदना कळते का, या दोन प्रश्नांत या विषयाचे सार आहे. बोट सरळ होत असेल तर माप घेऊन बूट बदलावा. वेदना कळत नसेल तर मुलाचा हात धरून त्याला आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. या दोन्ही कामांना पैसा फारसा लागत नाही. हजेरी घेताना मुलांच्या चेहऱ्यांवरून फिरणारी शिक्षकाची नजर महिन्यातून एकदा त्यांच्या पावलांपर्यंत खाली यावी, इतकेच त्यासाठी पुरेसे आहे.